हिशेब कुणापुढे?



ही व्याख्यानमाला ज्यांच्या नावाने चालते त्यांनी आयुष्यभर या भागातल्या लोकांच्या अर्जांचा, नळांचा, शाळांचा पाठपुरावा केला. अशा माणसाच्या स्मृतिदिनी त्यांचे गुण आठवावेत हे खरं, पण त्यांनी हाती घेतलेलं काम आज कुठवर आलंय हे तपासणंही मला तितकंच गरजेचं वाटतं. म्हणून मी आज राज्यकारभाराच्या सुधारणेवर बोलणार आहे, पण दिल्लीबद्दल फारसं बोलणार नाही. आपल्यासारख्या धडपडणाऱ्या देशात कारभार का बिघडतो आणि सुधारायचा तर हात कुठे घालायचा, याचं उत्तर गिरगाव, दादर, परळ, लालबाग एवढ्या टापूत सापडतं, असं मला वाटतं.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे पावणेचार वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली हे कलम लागू झालं, ते नेमकं अशा प्रशासकीय राजवटी टाळण्यासाठी. तरीही ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग २२७ की २३६ हा वाद, कोर्टातल्या तारखा, असं करत करत चार पावसाळे गेले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं.

या काळात नेमकं काय थांबलं, हे नीट समजून घ्या. १८८८ च्या महापालिका कायद्याने मुंबईत तीन वेगळ्या सत्ता ठेवल्या आहेत. आयुक्त काम करतात, स्थायी समिती खर्च तपासते आणि सभागृह धोरण ठरवतं. एका मर्यादेपलीकडचं कंत्राट आयुक्तांना स्वतःच्या सहीने देता येत नाही, ते समितीपुढे न्यावं लागतं. समितीत विरोधी पक्षाचा माणूस बसलेला असतो, बाहेर पत्रकार थांबलेले असतात. तिथे कुणीतरी विचारतं, हा दर इतका का? ही कंपनी मागच्या वेळी काळ्या यादीत नव्हती का? प्रशासकाच्या काळात मात्र प्रस्ताव तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस होता. त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तींबद्दल मी काही म्हणत नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असो, स्वतःचाच कागद स्वतः तपासून मंजूर करण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. याच काळात पालिकेचा अर्थसंकल्प २०२२-२३ च्या ४५,९४९ कोटींवरून २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींवर गेला. २०२३ च्या सुरुवातीला सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची ६,००० कोटींहून मोठी कामं दिली गेली. आपल्या शहर विभागातलं कंत्राट ज्याला मिळालं, त्याने काम धड सुरूच केलं नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रद्द करावं लागलं. काम द्यायच्या आधी या कंत्राटदाराची कुवत कुणी तपासली, हे विचारायला सभागृहच नव्हतं.

नगरसेवकच नसल्यामुळे प्रभागातल्या कामांचा निधी आमदार आणि पालकमंत्र्यांच्या मार्फत देण्याचं धोरण आलं. सत्ताधारी आमदारांच्या विभागांना पैसा मिळाला आणि विरोधकांची पत्रं तशीच पडून राहिली, हे २०२४ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून आकड्यांसकट छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा राजकीय पक्षांपेक्षा मला आपल्या शेजाऱ्यांची चिंता वाटली. ज्या चाळीने विरोधकाला मत दिलं त्या चाळीचा नळही विरोधी पक्षाचा ठरला.

आता मला खरोखर छळणारा प्रश्न. एवढं होऊन मुंबईत मोठा मोर्चा का निघाला नाही? हे शहर मोर्चाला घाबरत नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गोळ्यांना सामोरी गेली. १९७२ साली महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९८२ साली जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगारांनी एका हाकेसरशी साचे थांबवले. त्याच परळ-लालबागमध्ये मताचा हक्क चार वर्षं गोठवला गेला आणि आपण गप्प राहिलो. का?

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला नगरसेवकाच्या कार्यालयात घेऊन जातो. पक्ष कोणताही धरा. संध्याकाळचे सात वाजलेत. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. एकीला मुलाच्या प्रवेशासाठी पत्र हवंय. एकाच्या वडिलांना केईएममध्ये खाट मिळत नाही. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या लाद्या उखडल्यात. सार्वजनिक संडासाचं दार मोडलंय. एक मंडळ वर्गणीचं पुस्तक घेऊन आलंय. आत साहेब किंवा ताई एकेक कागद बघतात, लेटरहेडवर दोन ओळी लिहितात, फोन लावतात, "माझा माणूस आहे, बघून घ्या" म्हणून सांगतात. बाहेर येणारा हात जोडून येतो. या कामाला मी कमी लेखत नाही. रात्री अकराला फोन उचलणारा नगरसेवक ज्याने पाहिलाय, त्याला या कामाची किंमत ठाऊक आहे. लाल निशाणाच्या युनियनच्या कचेऱ्या ओस पडल्यावर या भागात माणसाचं ऐकून घेणारी जागा म्हणून पक्षाच्या शाखाच उरल्या.

पण त्या बाकावरच्या प्रत्येकाला जे हवं होतं तो त्याचा हक्क होता. खाट हक्काची, प्रवेश हक्काचा, संडासाचं दार हक्काचं. आपण त्याचा उपकार केला आणि उपकाराची परतफेड मताने करायची रीत पडली. अशा व्यवहारात नगरसेवकाने सभागृहात किती प्रश्न विचारले, स्थायी समितीत कोणत्या प्रस्तावाला हात वर केला, हे कुणी पाहत नाही. म्हणून २०२२ मध्ये नगरसेवक गेले तेव्हा आपल्याला फक्त लेटरहेडची उणीव भासली. माजी नगरसेवक तीच पत्रं देत राहिले, आमदार देऊ लागले, आणि आपलं भागलं. हिशेब विचारणारा गेला हे कळलंच नाही, कारण हिशेब विचारणं हे त्याचं काम आहे असं आपण कधी मानलंच नव्हतं. स्थायी समितीतही टक्केवारी चालते असं लोक उघड बोलतात. ते मी नाकारत नाही. पण वजनकाटा खोटा निघाला म्हणून कुणी वजन करणंच सोडून देत नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती दिला होता. माणूस धडाडीचा. रस्ते, गटारं, १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, ही त्याची कामं. पण खर्चाला लगाम नव्हता आणि पालिका कर्जात बुडाली. १८७१ साली करदाते उठले. नवरोजी फरदुनजींसारखी माणसं पुढे होती. धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये, गिरगावच्या वेशीवरच, त्या वर्षी नोव्हेंबरात २६ वर्षांच्या एका बॅरिस्टरने निबंध वाचला. फिरोजशाह मेहता. सभा क्रॉफर्डवर चिडलेली होती आणि हे म्हणाले की दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा आहे. काम करायला एकच बळकट अधिकारी असू द्या, पण त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेलं मंडळ बसवा, जे पैसे देईल आणि हिशेब घेईल. संतापलेल्या सभेला हे रुचलं नाही. आज तो निबंध मला सगळ्या आरडाओरड्यापेक्षा मोलाचा वाटतो. क्रॉफर्ड गेला असता आणि त्याच्या जागी दुसरा क्रॉफर्ड आला असता तर काहीच बदललं नसतं.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचं मंडळ आलं आणि निम्मे सभासद करदात्यांनी निवडले. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की झाली. अर्थात मत होतं ते मालमत्तेचा कर भरणाऱ्यांना. परळच्या गिरण्यांत राबणाऱ्यांना नव्हतं. प्रौढ मताने पहिली पालिका निवडली गेली १९४८ साली, आणि अवघ्या दहा वर्षांत, १९५८ ला, कामगार चळवळीतून आलेले एस. एस. मिरजकर महापौर झाले. हे सभागृह सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना तिथे उभं राहून बोलायचं होतं ते बोलले. १९६१ ला मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघी निवडून आल्या. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या पाण्याचे हंडे वाटत नव्हत्या. गोरेगावला किती पाणी सोडता आणि कुणाला किती देता, हे त्या पालिकेला विचारत होत्या, आधी सभागृहात आणि तिथे उत्तर नाही मिळालं तर रस्त्यावर. एकट्याने विचारण्याचीही आपल्याकडे परंपरा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायला त्यांनी विरोध केला, हा पैसा शिक्षणाला द्या म्हणाले. ठरावाच्या विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं.

मग विचारायचा हक्क असूनही तो निकामी का झाला? यात आपल्या सवयीचा दोष आहेच, पण राज्यकर्त्यांनी केलेली एक रचनाही आहे. ती जुनी आहे. १८९६ ला प्लेग आला आणि १८९८ ला इंग्रज सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडणं, रस्ते काढणं, नव्या वसाहती वसवणं ही सगळी मोठी कामं त्याच्याकडे. पालिकेला विश्वस्तांत मोजक्याच जागा. दादर-माटुंग्याच्या वसाहती आणि परळच्या बीआयटी चाळी ट्रस्टच्याच. १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हा वाटलं असेल की हा प्रकार संपला. पण स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राने तोच मार्ग धरला. १९७५ ला एमएमआरडीए, १९७७ ला म्हाडा, १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, १९९६ ला रस्ते विकास महामंडळ. प्रत्येकामागे काहीतरी खरं कारण होतं, प्रत्येकात हुशार माणसं आहेत. पण यांतल्या एकालाही आपण मत देत नाही. गिरगावातल्या सेसच्या (उपकरप्राप्त) चाळीत राहणाऱ्याला विचारा. जिना मोडला तर म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, भिंत धोकादायक असली तर पालिकेची नोटीस, खालून मेट्रो गेली तर मेट्रोवाले, आणि मालक कुठेतरी परगावी. चार ठिकाणी चार फायली. प्रत्येक ठिकाणी सांगतात, हे आमच्याकडे येत नाही.

याची किंमत किती मोजावी लागते ते आपण डोळ्यांनी पाहिलं. गिरण्यांची जमीन साधारण ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवलं होतं की पुनर्विकास होईल तेव्हा एक तृतीयांश जमीन पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ ला चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा करून दिला. तो बाजूला पडला. २००१ ला राज्य सरकारने नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हायची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीत धरायची नाही. गिरणीच्या आवारात शेडच जास्त, मग शहराच्या वाट्याला उरतं काय? हा बदल लालबागच्या एकाही चाळीत येऊन कुणी समजावून सांगितला नाही. लोकांना कळलं ते प्रकरण कोर्टात गेल्यावर. उच्च न्यायालयाने २००५ ला शहराच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कायद्याची लढाई तिथे संपली.

मग टॉवर उभे राहिले. लोअर परळला रोज लाखो माणसं नोकरीला येऊ लागली. कुठून? एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांवरून, गिरण्यांच्या काळातल्या अरुंद जिन्यांवरून. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. पाऊस आला, माणसं पादचारी पुलाच्या जिन्यावर थांबली, मागून लोंढा आला आणि २३ जण चेंगरून मेले. पूल अपुरा आहे अशा तक्रारी प्रवासी आधीपासून करत होते. पूल रेल्वेचा, टॉवरच्या परवानग्या पालिकेच्या, नियम राज्याचा, उड्डाणपूल एमएमआरडीएचे. या जमिनीवर इतकी कार्यालयं आली तर माणसं कोणत्या जिन्याने उतरतील, हा साधा प्रश्न सगळ्यांना एका टेबलाशी बसवून विचारेल अशी जागा शहरात कुठेच नव्हती. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. तिथल्या बेकायदा बांधकामांबद्दलही आधी तक्रारी झाल्या होत्या. कारभाराची सुधारणा हा विद्वानांचा विषय आहे असं ज्याला वाटतं, त्याने ही ३७ माणसं आठवावीत.

इथे मला बाबासाहेब आंबेडकरांकडे वळलं पाहिजे, कारण ते याच वस्तीचे. १९१२ पासून १९३४ पर्यंत ते परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले, मग दादरला राजगृहात. बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेतून झाली आणि सभेचं कार्यालयही तिथेच होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेल, राजकारणात मात्र ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण हे वाक्य मोठ्या पुढाऱ्यांच्या संदर्भात आठवतो. मला वाटतं ते आपल्या गल्लीच्या नाक्यावरही तितकंच लागू आहे. वाढदिवसाच्या फलकांवर भाऊ, दादा, ताईंचे फोटो लावताना, नळ दुरुस्त झाला म्हणून 'यांच्या प्रयत्नाने' अशी पाटी बसवताना आपण त्याच भक्तीची सवय लावून घेतो. तो नळ आपल्या पैशाने दुरुस्त झालेला असतो.

मग करायचं काय? नवे कायदे मागायच्या आधी आहेत ते वापरूया. २००९ साली महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यांत क्षेत्र सभेची तरतूद केली. ग्रामसभेसारखीच, मतदान केंद्रांच्या छोट्या टापूतल्या सगळ्या मतदारांची सभा. कामांचा अग्रक्रम तिने सुचवायचा, झालेल्या कामांवर लक्ष तिने ठेवायचं. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी किती जणांना अशा सभेची नोटीस आली? केंद्राचा पैसा मिळवण्यासाठी कायदा केला आणि कपाटात ठेवला, असंच म्हणावं लागेल. प्रभाग समित्यांत बिगरसरकारी संस्थांच्या प्रतिनिधींना जागा आहे, तिचा आपण किती उपयोग केला? माहिती अधिकाराचं कलम ४ सांगतं की कार्यालयांनी खर्चाची माहिती कुणी न मागता जाहीर करावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले ठरल्या मुदतीत द्यायची सक्ती आहे. या चार तरतुदी नीट पाळल्या गेल्या तरी त्या संध्याकाळच्या बाकावरची निम्मी माणसं घरी जातील.

हे स्वप्नरंजन नाही. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन अर्थसंकल्पाचा काही भाग लोकांकडून ठरवून घेतला. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. आपल्या पुण्याने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घ्यायला सुरुवात केली. रक्कम लहान आहे आणि बाक-फरशीच्या सूचनाच जास्त येतात अशी टीका होते, ती रास्त आहे. तरी फॉर्म भरणाऱ्या माणसाला निदान कळतं की आपल्या प्रभागासाठी कुठेतरी एक आकडा लिहिलेला आहे. मुंबईत ते सुद्धा कळत नाही.

आता २२७ नगरसेवक पुन्हा सभागृहात आले आहेत आणि कायद्याने निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना सभागृहात उभं राहून प्रश्न विचारायचे आहेत त्यांना बळ देणं आपल्या हातात आहे, आणि ते बळ हार घालून मिळत नाही. कायद्याप्रमाणे आयुक्तांनी अर्थसंकल्प ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे मांडायचा असतो. त्याच्या आत आपल्या प्रभाग कार्यालयाला तीन गोष्टी लेखी विचारायच्या आहेत. गेल्या वर्षी आपल्या प्रभागासाठी किती रक्कम धरली होती आणि त्यातली कशावर किती खर्च झाली? कोणती कामं पुरी झाली आणि ती कुणी तपासून घेतली? क्षेत्र सभा कधी भरवणार? हेच तीन प्रश्न नगरसेवकालाही पाठवायचे, उत्तर आलं की चाळीच्या फलकावर लावायचं, नाही आलं तर तेही लावायचं. परळ-लालबागच्या लोकांचा अर्ज एफ दक्षिणला जाईल, दादर पश्चिमेचा जी उत्तरला, पूर्वेचा एफ उत्तरला, गिरगावातला बराचसा डी ला. अर्जाचे नमुने आयोजकांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांना भरून द्यायला चार मुलं तिथे बसली आहेत. पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.